डाव्या हाताची मूठ

नेकारसुल्म, जर्मनी, ११ फेब्रुवारी २०२४

ताई,

अक्षर पाहून पत्र टाकून देऊ नकोस. मीच लिहिते आहे, ऊर्मिला, तुझी सख्खी धाकटी बहीण. डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून ओळी अशा उतरणीला लागल्या आहेत. तुझ्या वर्गात असते तर लाल रेघ मारून पान परत दिलं असतंस.

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, तेव्हा पोस्टाशिवाय गत्यंतर नाही. हे पाकीट शशिधर भावोजींच्या हातात पडेल आणि ते गुपचूप तुझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवतील, एवढा माझा त्यांच्यावर भरवसा आहे.

बातमी अशी की माझं उजवं मनगट मोडलं. रस्त्यावर बर्फाचा काच झाला होता आणि मी घरातल्या सपाता घालून प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी फाटकाशी ठेवायला गेले. राइनरने मला उचलता उचलता सांगितलं की कचऱ्याची गाडी आज नाही, उद्या येते. नवरा गुणी आहे, पण कुठली गोष्ट कधी सांगावी हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू घातलेत. काळजीचं काही नाही. राइनर माझी वेणी घालतो. आधी नुसती गाठच मारायचा, आता पेड जमतात.

जेवायचे मात्र हाल आहेत. पोळीला डावा हात लावायचा म्हटलं की तो पुढेच होत नाही. इतकी वर्षं या देशात काढली, इथे कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, तरी होत नाही. वरणभातसुद्धा चमच्याने खाते आणि जेवल्यासारखं वाटत नाही.

आता तुला नको असलेला विषय. दोन वर्षांपूर्वी मी घरच्या ग्रुपवर आमच्या नेमबाजीच्या क्लबातला फोटो टाकला, हातात पिस्तूल आणि गळ्यात तिसऱ्या नंबरचं पदक. सगळ्यांनी फुलं पाठवली. तू लिहिलंस, ‘आईने हे पाहिलं नाही तेच बरं.’ मी लिहिलं, ‘ती असती तर दाखवायला तू होतीसच की.’ मग तू ग्रुप सोडलास. मी अजून रागावलेली आहे, ताई. हे पत्र म्हणजे समेट नव्हे.

तुझी अशी समजूत झालेली दिसते की मी उशाशी बंदूक घेऊन झोपते. माझं पिस्तूल सगळ्यात बारीक गोळीचं आहे, दूरवर लावलेल्या कागदाला भोकं पाडण्यापुरतं. ते विकत घेण्याआधी वर्षभर क्लबात हजेरी लावावी लागली, परीक्षा द्यावी लागली, मग सरकारी ऑफिसातून कार्ड मिळालं. घरात ते लोखंडी तिजोरीत असतं आणि तिजोरीचा नंबर राइनरलाही सांगायचा नाही असा नियम आहे. एवढ्या संसारात नवऱ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट, तीही सरकारच्या हुकमाने.

डॉक्टर म्हणतात, आता उजव्या हातात किलोभर वजन लांब धरून उभं राहणं विसरा. आमची गीझेला, जी क्लबात शिकवते आणि पूर्वी गावात पत्रं वाटायची, ती म्हणाली, ‘आल्झो,’ म्हणजे तर मग, ‘ऊर्मिला, दुसरा हात आहे ना?’

आहे. पण त्याला काही येत नाही. तू जन्माची डावखुरी, आईने तुझा हात बदलला आणि तू असं अक्षर कमावलंस की शाळेचा फळा तूच लिहायचीस. मला तोच रस्ता उलटा चालायचा आहे. कसं केलंस ते सांगशील का?

सांगितलं नाहीस तरी मी लिहीत राहणार. डॉक्टरांनी रोज सराव करायला सांगितला आहे आणि दुसऱ्या कुणाला एवढं सुनवायचं शिल्लक नाही.

ऊर्मी


नेकारसुल्म, ३ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. बरं.

आज तुला हसवते. हसलीस तरी मला कळणार नाही, तेव्हा मोकळेपणाने हस.

पिस्तुलाची मूठ ज्याच्या-त्याच्या हाताबरहुकूम असते. तळव्याचा खळगा, बोटांच्या खाचा, खाली हात टेकायला एक फळी. उजव्या हाताची मूठ डाव्याला चालत नाही, बुटांसारखंच ते. इथे अशा मुठी करून देणारे कारागीर आहेत. कागदावर नेम धरायचा हात ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवून आकार काढायचा आणि पाठवून द्यायचा. काही आठवड्यांनी अक्रोडाच्या लाकडाची मूठ घरी येते.

माझं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. राइनर टेबलावर कागद पसरून पेन्सिल घेऊन बसला आणि म्हणाला, ‘हात दे.’ मी कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मी हात दिला.

ताई, हात दे म्हटल्यावर मी कोणता देणार? तीर्थाला, प्रसादाला, दुकानात सुट्टे घ्यायला जन्मभर जो पुढे केला तोच दिला. सुजलेला, पांढराफटक, जेमतेम उघडणारा. राइनरने इमानेइतबारे त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. मी पाकीट बंद करून टपालात टाकलं. गीझेलाने विचारलं तेव्हा दोघांनीही सांगितलं, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, सगळं व्यवस्थित पाठवलं आहे.

मी दातांची कारागीर, ताई. खालची डावी दाढ आणि उजवी दाढ नुसत्या बोटाने चाचपून सांगते. लॅबमधली नवी मुलं गोंधळली की माझ्याकडे येतात. आणि मी स्वतःचा हात उलटा पाठवला. गीझेला इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. राइनर फक्त म्हणाला, ‘तू दिलास तो मी घेतला.’

मूठ सुरेख आली आहे. हसून झाल्यावर मी ती उजव्या हातात धरून पाहिली. सूज धरूनही अशी बसली की बोटांना जागा शोधावी लागली नाही. आणि त्या हाताने ती नुसती मूठसुद्धा मला समोर धरवेना. मग मला रडू आलं. राइनर जवळ होता, म्हणून फार नाही.

मापाने केलेली वस्तू परत घेत नाहीत. राइनर सध्या तिने अक्रोड फोडतो. मी ठरवलं आहे की डावी मूठ आता मी स्वतः करणार. कच्ची, जाडजूड, डाव्या हाताची मूठ विकत मिळते, ती घासून आपल्या हाताची करायची. पिस्तुलाच्या आतल्या भागांना मी हात लावत नाही, ते परवानाधारक बंदूकवाल्याचं काम. मूठ मात्र जिची तिने घडवावी, त्याला कुणाची ना नाही.

लॅबमध्ये मला सध्या फक्त तपासायला बसवतात. दुसऱ्यांनी केलेले दात उजेडाकडे धरून बघायचे. आराम आहे.

ऊर्मी


नेकारसुल्म, २६ मे

ताई,

मागच्या पत्रात आराम आहे असं लिहिलं, ते खरं नव्हतं. आपण उपयोगाच्या राहिलो नाही असं वाटतं. तपासनीस होऊन बसायला मी इथवर आले नव्हते. हे राइनरला सांगितलं तर तो लगेच उपाय सुचवेल, म्हणून तुला सांगते. तू काहीच सुचवत नाहीस, ही सध्या तुझी जमेची बाजू आहे.

संध्याकाळी तळघरात मूठ घासते. उजवा हात हलकं काम करतो, त्यामुळे दात घासायचं लॅबचं छोटं यंत्र चालवता येतं. जाड भागाला मात्र कानसच. आपण शाळेत जाताना सतारमेकर गल्लीत जो खरखर आवाज यायचा, तोच आता माझ्या तळघरातून येतो. दातांच्या मापाचा निळा लगदा असतो ना, तो मुठीवर थापला आणि डाव्या हाताने घट्ट धरला. तो वाळला की जिथे ठसा खोल तिथे लाकूड कमी करायचं, जिथे पोकळी तिथे लाकडाची पुट्टी भरायची. राइनर म्हणतो, हे पिस्तूल नाही, कवळी आहे.

मूठ हातात बसते आहे. पण नेम बसत नाही. गोळ्या सगळीकडे जातात आणि अंगठ्याच्या मुळाशी इतकं दुखतं की पेला उचलवत नाही. गीझेला म्हणते, तू डाव्या हाताला हुकूम सोडते आहेस, त्याला काम करू देत नाहीस. मग तिने सहज विचारलं, ‘तुमच्या घरात आणखी कुणाचा नेम चांगला होता का?’

मी नाही म्हणणार होते. तेवढ्यात आठवलं.

मिरजेचा उरुस, ताई. फुग्यांची पाटी आणि छऱ्याची बंदूक. तू पाचवी-सहावीत असशील. अण्णांनी तुला नाणं दिलं, तू बंदूक डाव्या खांद्याला लावलीस आणि फुगे फुटायला लागले. एकही चुकला नाही. लोक जमले, दुकानदाराचा चेहरा पडला, अण्णा कौतुकाने इकडेतिकडे बघायला लागले. तेवढ्यात आई बांगड्यांच्या दुकानातून आली. तिने फुगे पाहिलेच नाहीत, तुझा खांदा पाहिला. ‘काय ते डावं, चारचौघांत,’ म्हणाली आणि तुझ्या हातातली बंदूक काढून माझ्या उजव्या हातात दिली. मला ती पेलतसुद्धा नव्हती. मी एकही फुगा फोडला नाही. तरी आई म्हणाली, ‘बघ, हिने कशी नीट धरलीये.’

तू रडली नाहीस. माझ्या चपलेचा अंगठा निघाला होता, तो वाकून बसवून दिलास आणि पुढे चालायला लागलीस.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच आठवत नव्हतं. आणि आठवलं तेव्हा ग्रुपवरचं तुझं वाक्यही आठवलं. ‘आईने हे पाहिलं नाही तेच बरं.’ मला वाटलं होतं, तू माझी लाज काढते आहेस. आता वाटतं की माझ्या हातातलं पिस्तूल पाहून तुला ती बंदूक दिसली असेल. मी माफी मागत नाहीये. आठ वर्षांच्या पोरीच्या हातात कुणी बंदूक दिली तर ती धरणारच. पण तो फोटो तुझा असायला हवा होता, एवढं मला आता कळतं, आणि ते कळल्यापासून माझा राग कुठे ठेवला ते सापडत नाही.

तनयचा परवा पुण्याहून फोन होता. कुहू चार वर्षांची झाली म्हणे, तुझी नात शोभते, चमचा डाव्या हातात धरते आणि तू तो काढून उजव्या हातात देतेस. तनय तुझा मुलगा असून तुला बोलायला धजत नाही, तर मी मावशी त्यात पडणारी कोण.

मला एवढंच सांग. डाव्या हाताने वस्तू धरताना तुझा अंगठा काय करतो?

ऊर्मी


नेकारसुल्म, १९ जून

ताई,

पाकीट आलं.

ना नमस्कार, ना आशीर्वाद, ना सही. वहीचं एक पान, त्यावर तुझ्या डाव्या हाताचा आकार, अंगठ्यावर बाण आणि तुझ्या त्या देखण्या अक्षरात एक ओळ: ‘अंगठ्याने दाबायचं नाही. तो नुसता असू दे.’

मला ठाऊक होतं. तू माझ्याशी अबोला धरशील, पण चूक समोर दिसली तर ती दुरुस्त केल्याशिवाय तुला झोप लागायची नाही. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेली बाई तू.

मी तुझ्या आकारावर माझा डावा हात ठेवला. आईचाच हात दोघींचा, आखूड अंगठा आणि त्या मानाने लांब बोटं. तुझी करंगळी किंचित बाहेर वळलेली आहे, बाकी फरक नाही. राइनरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘हिने बरोबर हात पाठवला.’

त्याच संध्याकाळी तळघरात गेले. अंगठ्यासाठी मी केवढी मोठी खाच करून ठेवली होती, जोर लावायला बरा आधार म्हणून. ती सगळी घासून टाकली. आता अंगठा लाकडाला नुसता टेकतो. गुरुवारी क्लबात गेले, डावा हात लांब केला, श्वास सोडला आणि अंगठा नुसता असू दिला. गोळ्या मध्ये गेल्या नाहीत, पण पहिल्यांदाच सगळ्या कागदाच्या एका बाजूला राहिल्या, शहाण्या मुलांसारख्या. दुखलंही नाही. गीझेलाने विचारलं, ‘कोणी सांगितलं?’ मी म्हटलं, ‘माझ्या बहिणीने. घरातला नेम तिचा आहे.’

ताई, तू इकडे ये. सप्टेंबरात हवा चांगली असते. दोन वर्षांत मला तुझी किती आठवण आली हे उजव्या हाताने लिहिता आलं नसतं. तो हात फार पटापट चालतो आणि मग काहीतरी चुरचुरीत लिहून जातो. डावा हळू आहे, त्याला थापा जमत नाहीत. मला तुझी खूप आठवण येते.

ऊर्मी


नेकारसुल्म, १७ ऑगस्ट

ताई,

शशिधर भावोजींचा फोन आला. व्हिसा झाला, पण ‘तुमची ताई म्हणते, मी द्राक्षांचे मळे बघायला चालले आहे, बंदुका बघायला नव्हे.’ गेनाऊ. तासगावला द्राक्षं नसतातच ना, त्यासाठी जर्मनीला यायला हवं.

थंडीचे कपडे आणू नकोस, माझे बसतील. मेतकूट आण. कुहूचा फोटो आण, चमचा कुठल्याही हातात असू दे. राइनर मराठीत ‘नमस्कार’ आणि ‘बस कर’ एवढंच म्हणतो, दोन्हीचा वापर बरोबर करतो.

माझी बातमी अशी की शरद ऋतूतल्या सामन्यांसाठी तिघांच्या संघात माझं नाव राहिलं आहे. तशी मी आता तिसरी आहे, पूर्वी पहिली होते. पण त्याआधी हत्याराची तपासणी असते. मापाची एक पेटी असते, तीत मुठीसकट पिस्तूल बसलं पाहिजे, आणि मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. माझी मूठ पेटीत अडली. घरी घडवलेली म्हटल्यावर तपासनीस आधीच भुवई उंचावून बसला होता. तळहाताखालची फळी जराशी बाहेर येत होती. मी पर्समधून नखं घासायची कानस काढली, मूठ सोडवून तिथेच बसून फळी घासली, फुंकर मारली आणि त्याच्यापुढे ठेवली. या वेळी बसली. तो म्हणाला, ‘असं काम कुठे शिकलात?’ मी म्हटलं, ‘दात.’ त्याने पुढे विचारलं नाही.

परवा लॅबमध्ये मी एक दाढ पूर्ण केली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. डाव्या हाताने धरून, उजव्याने घासून. सावकाश झाली पण झाली.

क्लबात ये असा माझा आग्रह नाही. कोपऱ्यात बाक आहे, तिथे विणकाम करत बसता येतं. कानांवर घालायला मिळतं, आवाज येत नाही.

ऊर्मी


नेकारसुल्म, ८ ऑक्टोबर

ताई,

तू गेल्यापासून स्वयंपाकघरात कुणी माझ्या फोडणीला नावं ठेवत नाही. राइनर सकाळी सवयीने तीन कप काढतो.

त्या शेवटच्या गुरुवारचं तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. पण तुझं लक्ष समोर होतं. पाठीमागे काय झालं ते लिहिते.

त्याआधी दोनदा आलीस आणि बाकावर हाताची घडी घालून बसलीस, परीक्षेला पर्यवेक्षक बसावा तशी. क्लबातली मंडळी कुजबुजत होती की ऊर्मिलाची बहीण फार कडक दिसते. मी त्यांना म्हटलं, दिसते नाही, आहे. त्या गुरुवारी गीझेला तुझ्यापुढे उभी राहिली आणि मला म्हणाली, विचार, धरून बघणार का. तू म्हणालीस, ‘मी नुसती बसते.’ आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ‘रिकामंच आहे ना ते?’

गीझेलाने पाहुण्यांच्या कागदावर तुझी सही घेतली, अंबाड्यावरून कानांचं झाकण बसवलं, साडीचा पदर खोचायला लावला. गळ्याशी रुमाल बांधला, कारण गोळीची तापलेली रिकामी पुंगळी उडाली की नेमकी ब्लाउजात शिरते. पिस्तूल ती कुणाच्या हातात देत नाही, रिकामं करून टेबलावर ठेवते, तोंड निशाणाकडे. ‘बिट्टं,’ म्हणाली. घ्या.

आणि तू उजवा हात पुढे केलास.

माझ्यासारखाच. मी हसणार होते, पण मूठ तुझ्या उजव्या हातात शिरेना आणि तुझ्या चेहऱ्यावर ते लहानपणीचं आलं, आपलं काहीतरी चुकलं आणि आता कुणीतरी बोलणार, तसं. राइनर माझ्या शेजारी होता, त्यालाही दिसलं असावं, कारण त्याने माझं कोपर धरलं. कुणी काही बोललं नाही. तू ते खाली ठेवलंस. मग डावा हात पुढे केलास, हळूच, कुणी बघत तर नाही ना असा.

बोटं बंद झाली आणि तू मान वर केलीस. ‘अगं ऊर्मी,’ म्हणालीस, ‘ही माझ्यासाठीच केल्यासारखी आहे.’ मी म्हटलं, ‘अंगठा तुझाच आहे तिच्यात.’ तुला ते ऐकू गेलं नसणार, कानांवर झाकणं होती.

पुढचं तू केलंस. गीझेला तुझ्या खांद्याशी उभी होती, हात टेकायला उशी ठेवली होती, एका वेळी एकच गोळी भरली. पहिली कागदाच्या कडेला गेली. तू आवाजाने दचकली नाहीस, उलट नाक मुरडलंस, वहीत चूक सापडल्यासारखं. दुसऱ्या गोळीच्या वेळी मी पाहिलं की तुझा खांदा खाली आला, श्वास सुटला आणि तुझा अंगठा नुसता होता. त्यानंतर गीझेलाने तुला काही सांगितलंच नाही. शेजारच्या दोघांनी आपली पिस्तुलं खाली ठेवली आणि तुला बघत उभे राहिले.

कागद जवळ आला तेव्हा तू म्हणालीस, ‘मध्ये एकही नाही.’ आणि झाकणं काढून बाकावर जाऊन बसलीस. तुला वाटलं, नापास. गीझेला तो कागद हातात धरून उभी होती. पहिली गोळी सोडली तर बाकीच्या चारही एका पुरीएवढ्या जागेत होत्या, मधल्या काळ्या गोलाच्या जरा खाली. ती मला म्हणाली, ‘मध्य मी पिस्तुलावरचा नेमाचा स्क्रू फिरवून दोन मिनिटांत सरकवून देते. हा हात कुणाला देता येत नाही. ही इतकी वर्षं कुठे होती?’

मी म्हटलं, मिरजेला. उजव्या हाताने फळा लिहीत होती. मग मला रडू आलं आणि मी तोंड फिरवलं, म्हणून तुला वाटलं की मी पुंगळ्या गोळा करते आहे.

विमानतळावर म्हणालीस, ‘मनगटाला तीळतेल लाव.’ लावते आहे.

सामन्यात आम्ही हरलो, पण थोडक्यात. माझ्यामुळे नाही. आता सगळे मला लिंक्स म्हणतात, म्हणजे डावी, आणि मी ओ देते. तो कागद या पाकिटात घालते आहे. पोस्टवाल्यांनी विचारलं तर सांग की भोकं आमच्याच घरची आहेत.

तुझी,
ऊर्मी


मिरज, ४ नोव्हेंबर

चि. ऊर्मी,

हे डाव्या हाताने लिहिते आहे. आईने पाटीवरचा हात बदलला त्यानंतर आजच. अक्षराबद्दल शेरा नको. शशिधर बघून म्हणाले, ‘तुम्ही दोघी बहिणी आहात हे आत्ता पटलं.’

कागद पोचला. कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. साड्या काढताना दिसतो.

उरुसाचं तुला बरोबर आठवलं, पण अर्धंच. मी आईवर रागावले होते आणि तुझ्यावरही. तुझा एकही फुगा फुटला नाही आणि तरी कौतुक झालं. ते ग्रुपवर लिहिताना हेच सगळं डोक्यात होतं, पण लिहिलं भलतंच. आता तुला काय ते कळलं आहे, तेव्हा मी परत लिहीत नाही. फोनवर तुला मोकळं केलं आहे. रोज फोटो पाठवू नकोस.

दिवाळीला तनय मंडळी आली आहेत. आज फराळाला कुहू माझ्या शेजारी बसली होती. चकली डाव्या हातात. माझा हात सवयीने पुढे गेला आणि तिने लगेच माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला. तिने चकली संपवली आणि आणखी मागितली.

मी डब्यातून काढून दिली, डाव्या हाताने. तिनेही डाव्यानेच घेतली.

ताई